झाकली मूठ

सदर : घरचा जमाखर्च

गेल्या वैशाखांत मेढ्यास आमच्या आप्तांकडे मुंज होती. साताऱ्याहून निघालेली एस. टी. कण्हेर धरणाच्या बाजूनें वेण्णेच्या खोऱ्यांत शिरली म्हणजे जावळीचे डोंगर दोहों बाजूंनीं जवळ येऊं लागतात, आणि शहरांतला माणूस नकळत खिडकीबाहेर पाहूं लागतो. मीहि तसाच पाहत होतों. परतीच्या प्रवासांत मात्र मला त्या डोंगरांपैकीं एकहि दिसला नाहीं. मधल्या दोन दिवसांत जें घडलें, तें त्या घरच्या मंडळींच्या संमतीनें येथें सांगत आहें. कारण या सदरांत आजवर पुष्कळ प्रकारचे खर्च मांडले, पण इतका महाग खर्च, आणि तोहि कोणत्याच वहींत न लिहिलेला, मीं पाहिला नव्हता.

घर जुनें आणि एकत्र आहे. तीन भावांचा संसार एका चुलीवर चालतो. थोरले काका शाळेंतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मधले नोकरीनिमित्त पुण्यास असतात, परंतु सणावारीं घरीं येतात. धाकट्यांचें गांवांतच दुकान आहे. घरचा हिशेब गेलीं चाळीस वर्षें थोरल्या काकांकडे. रोजकीर्द ते रोज रात्रीं स्वतःच्या हातानें लिहितात, आणि दोन रुपयांची चूक निघाली तर ती सांपडेपर्यंत अंथरुणावर पडत नाहींत. अशा माणसानें मुंजीच्या दुपारीं, पंक्ति उठल्यावर, मला माडीवर बोलावलें, दार लोटून घेतलें आणि विचारलें, "तुझ्याकडून सहा-सात लाख रुपये महिन्याभरासाठीं मिळतील का? आणि हें पाहा, खालीं कोणाजवळ बोलूं नकोस."

मीं कारण विचारलें. त्यांनीं खिशांतून मोबाइल काढून माझ्यापुढें धरला. पडद्यावर शेअरच्या व्यवहाराचें एक ॲप उघडलेलें होतें आणि त्यांत हिरव्या अक्षरांनीं त्यांच्या नांवावर ४१,००,००० रुपये जमा दिसत होते. पांच महिन्यांपूर्वीं फेसबुकवरील एका जाहिरातीवरून ते व्हॉट्सॲपच्या एका शेअर-शिक्षण गटांत दाखल झाले होते. गटांत शंभरावर सभासद. रोज सकाळीं एक 'प्रोफेसर' कोणता शेअर घ्यावा तें सांगे आणि संध्याकाळीं सभासद आपापल्या नफ्याचे आंकडे मांडून त्याचे आभार मानीत. काकांनीं महिनाभर नुसतें पाहिलें. मग २०,००० रुपये घातले. परीक्षा म्हणून ४,००० परत मागितले. ते दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या बँकेंत जमा झाले. त्यानंतर निवृत्तीच्या ठेवी एकामागून एक मोडून एकंदर ६,८०,००० रुपये गेले. आतां नातीच्या प्रवेशाची फी भरावयाची म्हणून त्यांतले कांहीं पैसे काढूं गेले, तर नफ्यावर २० टक्के कर आधीं भरावा, म्हणजे सर्व रक्कम मोकळी होईल, असा निरोप आला होता.

"म्हणजे ६,८४,०००," काका म्हणाले. "मीं स्वतः हिशेब करून पाहिला. एकेचाळीस लाखांतून माझे सहा लाख ऐंशी हजार वजा जातां नफा राहतो चौतीस लाख वीस हजार. त्याचे वीस टक्के बरोबर तितकेच होतात. एका रुपयाचाहि फरक नाहीं."

हें वाक्य माझ्या मनांतून अजून जात नाहीं. हिशेब खरोखरच बरोबर होता. चाळीस वर्षें वही लिहिणाऱ्या माणसानें वजाबाकी तपासली, टक्के तपासले. पण पहिलाच आंकडा, तो एकेचाळीस लाखांचा, कोणी आणि कशावरून लिहिला, हें विचारलें नाहीं. आपल्या शिकल्यासवरल्या घरांचा दुबळेपणा कोठें आहे तें त्या दुपारीं मला समजलें. आपण गणितांत फसत नाहीं, आणि गणित बरोबर आलें कीं बाकी सारेंच बरोबर असणार असें मानतों.

मीं म्हटलें, "काका, आतां एक रुपयाहि पाठवूं नका. आणि आपण आत्तांच खालीं जाऊन हें सर्वांस सांगूं या."

त्यांचा चेहरा उतरला. मुंजीच्या घरांत, पाहुण्यांच्या गर्दींत, सुनांसमोर ही गोष्ट काढावयाची कशी? "मंडळी आपापल्या गांवीं जाऊं देत, मग पाहूं. झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. शेवटची रक्कम केव्हां पाठविली, असें मीं विचारलें. दीड लाख रुपये, अकरा दिवसांपूर्वीं. पैसे अडकले आहेत हें त्यांस त्यानंतर दोनच दिवसांनीं कळलें होतें. परंतु घरांत एकाजवळहि न बोलतां त्यांनीं त्या प्रोफेसराच्या मदतनीस बाईंस निरोपामागून निरोप पाठविले होते, आणि प्रत्येक निरोपाला अत्यंत आदबीचें उत्तर आलें होतें.

संध्याकाळीं बटूची भिक्षावळ आटोपल्यावर काकांनीं माजघरांत घरच्या मंडळींस बोलावून सर्व सांगितलें. कोणी कांहीं बोलेना. मग धाकट्या सूनबाई उठल्या. त्यांनीं १९३० हा क्रमांक फिरवून तक्रार नोंदविली, बँकेस कळविलें, आणि काकांनीं पाठविलेल्या प्रत्येक रकमेचा व्यवहार-क्रमांक रात्रीं उशिरापर्यंत बसून उतरून काढला. काकू तोंवर गप्प होत्या. निजावयास जातांना त्या एवढेंच म्हणाल्या, "पैसे गेले तर गेले, दोन वर्षें कमी खर्चांत काढूं. पण पांच महिने आमच्यांत जेवतां-उठतां तुम्ही एकटेच होतां, तें कां?"

महिन्याभरानें कळलें तें असें. शेवटच्या दीड लाखांपैकीं १८,००० रुपये एका खात्यांत गोठवितां आले. ते न्यायालयाच्या हुकुमानंतर मिळतील. बाकीचे पैसे काकांनीं पाठविले त्याच दिवशीं चार निरनिराळ्या खात्यांतून पुढें निघून गेले होते. पहिल्या दिवशींच तक्रार झाली असती तर त्यांतले किती वांचते, याचा हिशेब काकांनीं मांडला नाहीं आणि मींहि त्यांना मांडूं दिला नाहीं.

ही एकाच घरची गोष्ट असती तर तिच्यासाठीं या मासिकाचीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२४ सालच्या जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांतच देशभरांतून खोट्या शेअर-व्यवहारांच्या २०,०४३ तक्रारी आल्या आणि त्यांत सुमारें १,४२० कोटि रुपये गेले. भागाकार केला तर दर तक्रारीमागें सात लाखांहून अधिक रक्कम पडते. हातावर पोट असणाऱ्या माणसाजवळ सात लाख रुपये शिल्लक नसतात. ही रक्कम बहुधा निवृत्तीच्या वेळीं मिळालेली, मुलीच्या लग्नासाठीं राखलेली किंवा वडिलोपार्जित जमीन विकून आलेली असते. म्हणजे ती आपल्यासारख्यांच्या घरांतली आहे.

या चोरीची रचना एकदां नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती सर्वत्र जवळजवळ सारखीच असते. शंभर सभासदांच्या गटांत खरें गिऱ्हाईक थोडकेंच. बाकीचे आभार मानणारे आणि नफा दाखविणारे चोराचेच हस्तक. ॲप म्हणजे नुसतें चित्र. त्यावर दिसणारा शेअर कोणत्याहि बाजारांत घेतलेला नसतो. चोर लिहील तो आंकडा तेथें उमटतो. आरंभीं परत मिळालेली लहानशी रक्कम ही गळाला लावलेली कणीक. 'परदेशी संस्थांच्या खात्यांतून तुम्हांस स्वस्तांत शेअर मिळवून देतों' हें आमिष तर इतकें पसरलें कीं, सेबीला २०२४ सालच्या फेब्रुवारींत जाहीर सूचना काढावी लागली: भारतांत राहणाऱ्या नागरिकास, कांहीं मोजके अपवाद सोडले तर, परदेशी गुंतवणूकदारांच्या मार्गानें शेअर घेतां येत नाहींत, तसें सांगणारा खोटें सांगतो. पैसे जमा होतात तीं खातीं चोराच्या नांवाचीं नसतात. कोणा गरजू माणसाला चार पैसे देऊन त्याचें खातें वापरावयास घेतलेलें असतें, आणि त्यांतून रक्कम कांहीं मिनिटांत पुढच्या खात्यांत जाते.

त्या आदबशीर मदतनीस बाईंसंबंधींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा पुष्कळ तक्रारींचा माग कंबोडिया, म्यानमार आणि लाओस या देशांपर्यंत लागला आहे. चांगल्या नोकरीच्या आशेनें तेथें गेलेल्या भारतीय तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांस हें काम सक्तीनें करावयास लावल्याचें उघड झालें, आणि त्यांतील अनेकांस आपल्या सरकारनें सोडवून परत आणलें आहे. तेव्हां काकांशीं पांच महिने गोड बोलणारी व्यक्ति कोण होती, स्त्री होती कीं पुरुष, आणि खुषीनें बोलत होती कीं मार चुकविण्यासाठीं, हें कोणासच सांगतां येणार नाहीं.

एकाचा पैसा दुसऱ्याला व्याज म्हणून देण्याची युक्ति जुनी आहे. १९२० सालीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं चार्लस पाँझी नांवाच्या इसमानें ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊं केला आणि नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांची भरपाई केली. आज अशा योजनांना जगभर त्याचेंच नांव आहे. आपल्याकडे तिचीं रूपें निराळीं झालीं, एवढेंच. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो या कंपनीनें कडकनाथ कोंबड्यांचीं पिलें शेतकऱ्यांस देऊन अंडीं व पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली. २०१९ सालीं तें सारें कोसळलें आणि सांगली, सातारा, कोल्हापूरकडील शेतकरी मोठ्या संख्येनें बुडाले. कोंबडी खरी होती, अंडेंहि खरें होतें. खोटी होती ती परत खरेदीची हमी. मुंबईस टोरेस या नांवानें २०२४ सालीं झगझगीत दुकानें निघालीं. मॉइसनाइट नांवाच्या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर तेथें दर आठवड्यास परतावा मिळे. २०२५ सालच्या ६ जानेवारीस दादरच्या दुकानापुढें फसलेल्या लोकांची गर्दी लोटली, आणि त्यांत जवळच्या बाजारांत भाजी विकणारेहि होते.

या जुन्या प्रकारांत आणि काकांच्या प्रकारांत मात्र एक मोठा भेद आहे. कोंबडीचें खुराडें शेजाऱ्याला दिसत होतें. दादरचें दुकान रस्त्यावर होतें. तें बंद झालें तेव्हां शेजारच्या दुकानदारानें पाहिलें, एकानें दुसऱ्यास सांगितलें, माणसें जमलीं आणि पोलीस-ठाण्यावर गेलीं. मोबाइलमधलें दुकान एकट्या काकांनाच दिसत होतें. तें लुटारूचें आहे असें त्यांस सांगणारा कोणी शेजारी तेथें नव्हता, आणि जे शंभर शेजारी दिसत होते ते चोरानेंच बसविलेले होते.

मेढ्यासारख्या गांवास पैशाचा प्रवास नवा नाहीं. जावळी तालुक्यांतलीं किती तरी घरें मुंबईच्या कमाईवर उभीं राहिलीं. कोणी गिरणींत गेला, कोणी माथाडी झाला, कोणी कचेरींत चिकटला. पूर्वीं मुंबईची मनिऑर्डर येई तेव्हां पोस्टमन ओटीवर बसे, नोटा मोजून देई आणि चार माणसांदेखत सही होई. घरांतून पैसा बाहेर जावयाचा तोहि वडीलधाऱ्यांस विचारून जाई. त्यांत जाच नव्हता असें मी म्हणणार नाहीं. सुनेला स्वतःसाठीं चार रुपये हवे असले तरी तिला तोंड उघडावें लागे, आणि कित्येकींनीं तें कधींच उघडलें नाहीं. तो जाच गेला हें उत्तम झालें. पण ज्या चार डोळ्यांनीं जाच होई त्याच चार डोळ्यांनीं राखणहि होई, आणि आपण दोन्ही एकदमच सोडून दिलीं. आज घरांतल्या प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र तिजोरी आहे, तिला बाहेरून येण्याचा स्वतंत्र दरवाजा आहे, आणि शेजारच्या पाटावर जेवणाऱ्या भावालाहि त्या दरवाजांतून कोण येतें-जातें याची वार्ता नसते.

कायदा नाहीं असें कोणी समजूं नये. महाराष्ट्रांत ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ सालापासून आहे. त्याखालीं बुडव्या संस्थेची मालमत्ता जप्त करून ती ठेवीदारांत वांटतां येते. परवान्याशिवाय ठेवी गोळा करण्यास बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ सालीं झाला. अशा ठेवींसाठीं नुसतें आवाहन करणाऱ्यास एक ते पांच वर्षें, आणि प्रत्यक्ष ठेवी घेणाऱ्यास दोन ते सात वर्षें कैदेची शिक्षा त्यांत सांगितली आहे. परंतु कायदा चोरीच्या मागून चालतो. पर्ल्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पी. ए. सी. एल. कंपनीनें लोकांकडून घेतलेले ४९,१०० कोटि रुपये परत करावेत असा हुकूम सेबीनें २०१४ सालीं दिला. त्यासाठीं पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि लहान रकमांचे दावे आधीं घेऊन टप्प्याटप्प्यानें पैसे देण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें. त्या कंपनीची निदान जमीन तरी जप्त करण्यास हातीं लागली. ज्याचें नांव, गांव आणि चेहराहि खोटा, त्याचें काय जप्त करावयाचें?

म्हणून पैसे पाठविण्यापूर्वींची तपासणी हीच खरी. ती अवघड नाहीं.

पहिली गोष्ट परवान्याची. शेअरचा दलाल, गुंतवणूक-सल्लागार आणि शेअरचें संशोधन करून शिफारस करणारा, या सर्वांस सेबीकडे नोंदणी करावी लागते. दलालाचा नोंदणी-क्रमांक 'आय-एन-झेड', सल्लागाराचा 'आय-एन-ए' आणि संशोधकाचा 'आय-एन-एच' या अक्षरांनीं सुरू होतो. परंतु क्रमांक दाखविला एवढ्यावर समाधान मानूं नये, कारण चोर खऱ्या संस्थेचा खरा क्रमांक आपल्या कागदावर छापतात. सेबीच्या संकेतस्थळावरील यादी स्वतः उघडावी, तेथें दिलेल्या दूरध्वनीवर आपण होऊन फोन करावा आणि 'हा मनुष्य तुमचा आहे काय?' असें विचारावें. त्यानें पाठविलेल्या लिंकवरून केलेली चौकशी म्हणजे चोरालाच चोराचा पत्ता विचारणें होय. हें जमत नसेल तर सेबीचा १८०० २२ ७५७५ हा विनाशुल्क क्रमांक आहे. परदेशी चलनाच्या व्यवहारासंबंधीं रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालच्या सप्टेंबरांत ३४ नांवांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आणि पुढें ती वाढविली. मात्र एखादें नांव त्या यादींत नाहीं म्हणून तें अधिकृत ठरत नाहीं, हें त्याच बँकेनें स्पष्ट केलें आहे.

दुसरी गोष्ट खात्याची. नोंदणीकृत दलाल कोणा खाजगी माणसाच्या किंवा भलत्याच दुकानाच्या नांवावर पैसे घेत नाहीं, आणि दर वेळीं नवें खातेंहि सांगत नाहीं. काकांनीं पाठविलेल्या नऊ रकमा नऊ निरनिराळ्या नांवांवर गेल्या होत्या. त्यांच्या रोजकीर्दींत अशी नोंद झाली असती तर ती त्यांनीं स्वतःच खोडून काढली असती. पण हा व्यवहार रोजकीर्दींत कधीं चढलाच नव्हता. २०२५ सालच्या १ ऑक्टोबरपासून सेबीनें अशा संस्थांसाठीं यूपीआयचे विशेष पत्ते सुरू केले आहेत. त्या पत्त्यांत बँकेच्या नांवाआधीं 'व्हॅलिड' हा शब्द असतो आणि पैसे पाठवितांना हिरव्या त्रिकोणांत अंगठ्याची खूण दिसते. 'सेबी चेक' या सोयीनें समोरच्याचें बँकखातें किंवा यूपीआय पत्ता नोंदणीकृत संस्थेचाच आहे का, तें घरबसल्या पाहतां येतें.

तिसरी गोष्ट मालाची. खरा शेअर घेतला म्हणजे त्याची नोंद एन. एस. डी. एल. किंवा सी. डी. एस. एल. या दोन डिपॉझिटरींपैकीं एकीकडे तुमच्या नांवावर होते, आणि डिपॉझिटरीचें स्वतःचें पत्रक ई-मेलनें किंवा टपालानें येतें. ॲपवर काय दिसतें तें पाहूं नये. त्या पत्रकांत काय आहे तें पाहावें. जो शेअर तेथें नाहीं तो तुमच्याजवळ नाहीं.

चौथी गोष्ट कराची. शेअरच्या नफ्यावर कर असतो हें खरें, आणि बाजारांतले शेअर वर्षाच्या आंत विकले तर तो २० टक्के असतो हेंहि खरें. चोरानें तोच आंकडा उचलला होता, म्हणून काकांस तो खरा वाटला. परंतु हा कर आपण आपल्या विवरणपत्राबरोबर सरकारांत भरतों. पैसे सोडविण्यासाठीं तो दलालाच्या हातीं आगाऊ द्यावा लागत नाहीं. स्वतःचेच पैसे काढण्यासाठीं जो आणखी पैसे मागतो, त्याच्याजवळ तुमचे पैसे नाहींत असें निश्चित समजावें.

पांचवी गोष्ट हमीची. शेअरच्या व्यवहारांत ठराविक नफ्याची हमी देण्यास दलालास व सल्लागारास मनाई आहे. शिवाय हमीचा हिशेब पुढें चालवून पाहावा. पुण्यास ज्याचा मोठा खटला २०१८ सालीं उभा राहिला त्या गेनबिटकॉइन योजनेंत दरमहा १० टक्के देऊं केले होते. व्याजावर व्याज धरलें तर एका लाखाचे वर्षांत तीन लाखांहून अधिक होतात. ज्याला खरोखर असा धंदा साधला, तो आपल्यासारख्या अनोळखी माणसाकडून वीस हजार रुपये मागत कशाला फिरेल? सरकारनें ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेस २०२३ सालच्या एप्रिलपासून द. सा. द. शे. ८.२ असा दर ठरविला. हा आंकडा समोर ठेवून बाकीच्या वचनांकडे पाहिलें म्हणजे डोळे निवळतात.

आणि इतकें करूनहि फसगत झाली तर? तर त्याच क्षणीं १९३० या क्रमांकावर कळवावें, आपल्या बँकेस सांगावें, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावर तक्रार द्यावी, आणि लाजेनें निरोप किंवा ॲप पुसून टाकूं नये. तोच पुरावा असतो. पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वीं ते अडवितां येतात, मागाहून फार थोडे सांपडतात. आणखी एक इशारा. पैसे गेल्यानंतर कांहीं दिवसांनीं 'तुमचे पैसे परत मिळवून देतों, थोडी फी भरा' असें सांगणारा कोणी तरी भेटतो. तो बहुधा पहिल्याच चोराचा भाऊबंद असतो.

आतां मुख्य गोष्ट. वरील पांचहि तपासण्या काकांस सहज जमल्या असत्या. त्यांच्याजवळ बुद्धि होती, वेळ होता, आणि घरांत बँकेचे व्यवहार जाणणारी सूनहि होती. तिला एकदां नुसतें विचारलें असतें तर वीस हजारांवरच गोष्ट थांबली असती. तिला विचारलें नाहीं, कारण आरंभीं त्यांना घराला अकस्मात् आनंद द्यावयाचा होता, मध्यंतरीं आपण या वयांतहि मिळवूं शकतों याचा अभिमान वाटूं लागला, आणि शेवटीं लाज वाटली. आनंद, अभिमान आणि लाज या तिन्हींनीं मूठ झाकलेलीच ठेवली. चोराच्या निरोपांत एक वाक्य वारंवार आलेलें मीं पाहिलें: 'ही योजना निवडक सभासदांसाठीं आहे, बाहेर चर्चा करूं नये.' त्याचा सारा धंदा या एका वाक्यावर चालतो. काका आपल्या घरांत चौघांशीं बोलले असते, तर त्याचे शंभर सभासद तेथेंच निरुपयोगी झाले असते.

म्हणून माझी सूचना ॲपविषयीं नाहीं, घराविषयीं आहे. प्रत्येक घरानें एक रकम ठरवावी. कोणी पांच हजार म्हणेल, कोणी दहा. त्याहून अधिक पैसे नव्या खात्यांत पाठवावयाचे असल्यास तें रात्रींच्या जेवणाच्या वेळीं मोठ्यानें सांगावें आणि एक रात्र जाऊं द्यावी. ही परवानगी नव्हे. ज्याचा पैसा तो त्याचा धनी. सुनेनें सासऱ्यास विचारावें, तसें सासऱ्यानेंहि सुनेस सांगावें. ज्या व्यवहाराला चार माणसांत एकदां उच्चारणें सोसत नाहीं, तो व्यवहार खरा नाहीं.

आणि घरानेंहि आपल्याकडून एक व्रत पाळावें. फसलेला माणूस बोलूं लागला म्हणजे पहिला तासभर कोणी त्याला बोल लावूं नये. 'एवढे शिकलेले असून तुम्हांस कळलें कसें नाहीं?' हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर येतो. तो ओठांवरच ठेवावा. त्या प्रश्नाच्या भीतीनेंच काकांनीं नऊ दिवस घालविले. आधीं फोन, मग बँक, मग कागद. रागवावयास पुढें सारें आयुष्य आहे.

मेढ्याहून मध्यें पत्र आलें. नातीचा प्रवेश झाला. मधल्या काकांनीं फी भरली. थोरले काका पूर्वींप्रमाणेंच रोजकीर्द लिहितात, पण आतां माडीवर न लिहितां माजघरांत बसून लिहितात, आणि लिहून झाली म्हणजे धाकट्या सूनबाईंस वाचून दाखवितात. गेलेल्या पैशांचें त्यांनीं वहींत निराळें खातें उघडलें असून नऊहि रकमा तारीखवार लिहून काढल्या आहेत. हा लेख छापण्यास त्यांची परवानगी मागितली तेव्हां ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "छाप. एकाद्या घरीं तरी आज रात्रीं बोलणें निघेल."

तें आपल्या घरीं निघावें, एवढीच वाचकांस विनंति.